दोन एक्स अधिक एम

माझ्या इंटिग्रलला कॉलेजात नाव होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्या थराला गेले त्याचं कारण कुणाला शोधत बसावं लागणार नाही.

सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तीस वर्षं गणित शिकवलं. सुरुवातीच्या काळात प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने कोरायला लागायची. मग डीटीपीची दुकानं आली. आमच्या दुकानातला ऑपरेटर इंग्रजी वाक्यं झरझर टाईप करायचा, पण सूत्र आलं की हात वर. कॉम्प्युटरवर सूत्रं होत नव्हती असं नाही, त्याला येत नव्हती. मग आमच्यात ठरूनच गेलं. सूत्र असेल तिथे त्याने जागा कोरी सोडायची, प्रिंट माझ्याकडे पाठवायची, आणि मी पातळ निबाच्या काळ्या पेनने त्या जागा भरायच्या. अपूर्णांकाची रेघ पट्टीने, वर्गमुळाचं छप्पर पट्टीने. इंटिग्रलचं लांबट एससारखं चिन्ह मात्र मोकळ्या हाताने, एका दमात, वरून खाली. बिघडलं तर व्हाइटनर लावायचं नाही, अख्खं पान नव्याने भरायचं. मग झेरॉक्स.

छपाई कुठे संपते आणि माझा हात कुठे सुरू होतो, हे त्या कागदावर कळायचं नाही. दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षकसुद्धा आपले पेपर माझ्याकडून भरून न्यायचे. माझ्या नोट्सची झेरॉक्स एसटी स्टँडजवळच्या दुकानात गठ्ठ्यांनी ठेवलेली असायची. तिथून ती अक्कलकोटला जायची, मंद्रूपला जायची, उजनीकाठच्या गावांतही जायची. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी तक्रार केली नाही. उलट त्या दुकानावरून जाताना मुद्दाम हळू चालायचे.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना गणिताला एक नवे सर आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नवी ऑर्डर, आणि ती मिळेल याची खात्री नाही. वय तिशीच्या आत. मंद्रूपहून रोज मोटारसायकलवर यायचे, तोंडाला रुमाल बांधलेला आणि पाठीला लॅपटॉपची बॅग. घरी कानडी, वर्गात इंग्रजी आणि स्टाफरूममध्ये गावाकडची मराठी. पहिल्याच दिवशी मला वाकून नमस्कार केला.

“मॅडम, बारावीला तुमच्याच नोट्सची झेरॉक्स वापरली की मी. लई उपकार हायत तुमचे.”

दुसरी कुणी असती तर हरखून गेली असती. मी विचारलं, “कुठल्या वर्षी?” त्यांनी सांगितलं, मी मनात वजाबाकी केली, आणि त्या रविवारी केसांना मेंदी लावली.

पहिल्या चाचणीच्या वेळी मी माझा हाताने लिहिलेला कच्चा कागद शिपायाकडे दिला, दुकानात नेऊन दे म्हणून. सर म्हणाले, “दुकानात कशाला मॅडम? मी करतो की. हितंच.” आणि त्यांनी टेबलावर लॅपटॉप उघडला. मी आणि रसायनशास्त्राच्या मॅडम शेजारीच डबा खात होतो. त्यांनी ऑल्टचं बटण आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबलं. पानावर एक छोटा चौकोन उघडला. त्यात त्यांनी कंसात काही अक्षरं, मग तिरकी रेघ, मग पुन्हा कंस असं टाईप केलं आणि स्पेस दिली. तिरकी रेघ आडवी झाली, कंस नाहीसे झाले, अंश वर गेला, छेद खाली बसला. पट्टी न लावता. मग त्यांनी उलटी तिरकी रेघ देऊन आय, एन, टी अशी तीन अक्षरं दाबली, पुन्हा स्पेस, आणि इंटिग्रल पडद्यावर उभा राहिला.

मी नीट बघितला. वरची मान आणि खालचं शेपूट तंतोतंत सारखं होतं. माझ्या इंटिग्रलचं शेपूट थोडं जास्त वळायचं, हे मला पंचवीस वर्षं ठाऊक होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं. भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून मी तसाच हातात धरून बसले.

“अगंबाई!” रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. “आमच्या अभिक्रियांचे बाण पण होतील का हो सर?”

“व्हतील की.”

अर्ध्या तासात निम्मा स्टाफ त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. मी म्हटलं, “छान आहे. पण मुलांना हाताचं अक्षर वाचायची सवय आहे.” कुणी ऐकलं नाही. मीच ते वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं. तरी कुणी ऐकलं नाही.

मला त्यांचा हेवा वाटला. साधा नाही, पोटात दुखेपर्यंत. कुणी आपल्यापेक्षा हुशार असेल तर चालतं, वर्गात असे कितीतरी बसून गेले. पण जे मी तीस वर्षं डोळे फोडून, मान मोडून करत आले, ते हा माणूस डबा खाता खाता करतो आणि वर म्हणतो, लई सोपं हाय, हे मला सहन होईना. अवघड आहे असं खोटं तरी म्हणायचं होतं.

घरी यजमानांचा कॉम्प्युटर होता. त्यावर मी गुपचूप बसून बघितलं. चौकोन उघडला. वरच्या पट्टीतून घाताचा साचा घेतला, एक्स टाईप केला, मग दोन दाबलं. दोन वर गेला, इथपर्यंत मी खूश. मग अधिकचं चिन्ह दाबलं तर तेही वर गेलं. मागोमाग तीन एक्स वर गेला, मग पाच. जे टाईप करीन ते घातातच जाऊन बसायचं, खाली उतरायचं नावच घेईना. अख्खं समीकरण जिना चढून माळ्यावर बसलं आणि मी खाली बघत राहिले. यजमान म्हणाले, “त्या सरांना विचार ना.” मी कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला वाढलं. दोन मिनिटांचं काम होतं, पण ती दोन मिनिटं मला त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायचं नव्हतं.

वर्षभर हेच चाललं. दुकानातून फोन येणं बंद झालं. पेपर भरून घ्यायला येणारे शिक्षक पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. मी त्यांच्या पेपरात चुका शोधायचे. एकदा मिळाली. कॉसची अक्षरं तिरकी आली होती, ती सरळ हवीत. भर स्टाफरूममध्ये सांगितलं. “व्हय की मॅडम, बरोबर हाय तुमचं,” म्हणाले आणि मिनिटभरात सगळ्या पेपरातले कॉस सरळ केले. वर धन्यवाद म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

बारावीच्या प्रिलिमआधी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “मॅडम, पुढच्या वर्षी त्या सरांना ऑर्डर द्यायची की नाही, ते मला ठरवायचंय. प्रिलिमचा पेपर दोघं मिळून काढा. त्यांचं काम बघू आणि मग बोलू. तुमचं मत घेईनच.” केबिनमधून बाहेर आले तर सर व्हरांड्यातच उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, पण बहुतेक ऐकलं असावं. त्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी कॉलेजात यायला लागले.

प्रश्न मी काढायचे, टाईप त्यांनी करायचे, आणि तपासायचे पुन्हा मी. तपासायची आमच्या कॉलेजात एक पद्धत होती, माझ्या आधीच्या विभागप्रमुखांनी घालून दिलेली. तपासणाऱ्याने मूळ कच्चा कागद समोर ठेवायचा नाही. तो समोर असला की डोळा नुसती जुळवाजुळव करतो आणि डोकं झोपतं. टाईप झालेला पेपर मुलासारखा कोरा हातात घ्यायचा, प्रत्येक प्रश्न सोडवायचा, आणि सोडवलेले रफ कागद टाचणीने फाईलला लावायचे. मग फाईलवर टाईप करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. या पद्धतीचा मला फार अभिमान होता. दुसरीकडे कुठे एवढी शिस्त नाही असं मी नव्या लोकांना ऐकवायचे.

मी प्रश्न लिहायला बसले ती दुपार मला आठवते. स्टाफरूमच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपभोवती घोळका. सर त्यांना मॅट्रिक्स कसा करायचा ते दाखवत होते. आकडे रांगेत बसले की सगळे हसायचे, जणू काही जादूच चाललीय. रसायनशास्त्राच्या मॅडम तर टाळ्या वाजवत होत्या. मी डिफरन्शिएशनचे प्रश्न लिहीत होते आणि निब कागदात रुतत होतं. पाच प्रश्न लिहून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, ठेवला म्हणजे आपटलाच.

टाईप झालेला पेपर शनिवारी हातात आला. देखणा होता, काय सांगू. रविवारी दुपारी घरी जेवणं झाल्यावर मी पद्धतीप्रमाणे सोडवायला बसले. अकरा प्रश्न झाले. बारावा होता: वाय बरोबर ईचा घात एम टॅन इन्व्हर्स एक्स, तर सिद्ध करा. खाली जे सिद्ध करायचं ते सूत्र, आणि त्यात शेवटच्या कंसात दोन एक्स अधिक एम. मी सोडवला. चार ओळींत उत्तर आलं, पण कंसात आलं दोन एक्स वजा एम. पुन्हा सोडवला, पुन्हा वजा. जे सिद्धच होत नाही ते सिद्ध करा म्हणून पेपरात छापलं होतं.

मला आनंद झाला. हा शब्द बदलून दुसरा घालायचा मी आज पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या वेळी जे झालं त्याला दुसरा शब्द नाही. एवढी देखणी सूत्रं आणि एक चिन्ह नीट टाईप करता आलं नाही! रफ कागदावरच्या माझ्या वजाखाली मी लाल पेनने दोन रेघा मारल्या. सरांना फोन करायला मोबाइल उचलला. नंबरही काढला. मग मोबाइल उपडा ठेवला.

कळू दे ना सगळ्यांना, असं मनात आलं. प्राचार्यांना कळू दे. हाताने भरलेल्या पेपरात तीस वर्षांत एक चिन्ह इकडचं तिकडे झालं नव्हतं. मुलांचं काय, हा विचार आला, नाही असं नाही. त्याला मी सांगितलं की प्रश्नांना पर्याय आहेत, हा कोण सोडवतंय. आणि माझ्या सहीचं काय, तर त्यालाही उत्तर तयार ठेवलं. चष्म्याचा नंबर वाढलाय, टायपातली चिन्हं बारीक असतात. रफ कागदावर त्याच पानात आणखी पाच प्रश्न सोडवलेले होते, म्हणून ते पान तसंच फाईलला टाचलं. त्या कागदांकडे कुणी कधी ढुंकून बघत नसे. सोमवारी मी सही करून फाईल दिली.

परीक्षेच्या दिवशी मला सुपरव्हिजन होतं. पहिल्या बाकावर आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर. तिने नेमका बारावा धरला. सोडवला, शेवटी थबकली, वरून खाली काट मारली. पुन्हा सोडवला, पुन्हा काट. तिसऱ्यांदा सुरू केला. घड्याळ बघितलं आणि मान वर केली.

“मॅडम, हे असंच आहे का? अधिकच आहे?”

मी म्हटलं, “पेपरात आहे तसं सोडव.”

तिने मान खाली घातली. शेवटचे दोन प्रश्न तिचे राहिले. पेपर देताना ती माझ्याकडे न बघता गेली.

पालकांचे फोन आले, मुलं प्राचार्यांकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राचार्यांनी पेपर टेबलावर ठेवला. “अहो, असं कसं झालं? टाईप तुम्ही केलंत सर. मॅडम, तपासलात तुम्ही ना?”

मी चष्म्याला हात घातला. वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात सर म्हणाले, “मॅडमनी बरोबरच तपासलं होतं सर. सही झाल्यावर मी फाईल परत उघडली. जागा कमीजास्त करायला. तवा माझ्याकडनं बदललं असणार. चूक माझी हाय.”

हे खोटं होतं. अधिकचं चिन्ह रविवारी माझ्या घरीच पेपरात होतं, मी स्वतः बघितलं होतं. मी सरांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

“सगळ्यांना त्या प्रश्नाचे चार मार्क देऊन टाका,” प्राचार्य म्हणाले. “आणि सर, पुढच्या वर्षीचं मला विचार करावा लागेल.”

“व्हय सर.”

माझं वाक्य तसंच ओठांवर राहिलं. बाहेर आल्यावर वाटलं, किती बावळट माणूस आहे, मी निम्मा दोष घ्यायला तयार होते. मग वाटलं, मी कुठे तयार होते?

दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. फाईल ठेवली. “मॅडम, ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. कपाटात नको.” आणि तासाला निघून गेले.

फाईल उघडली. सगळ्यात वर माझा कच्चा कागद होता, त्या दुपारी लिहिलेला. बारावा प्रश्न माझ्या अक्षरात, माझ्या काळ्या पेनने. शेवटच्या कंसात दोन एक्स, आणि पुढे अधिक. ठसठशीत, निब रुतलेलं, कागदाच्या मागच्या बाजूने हाताला लागावं असं अधिक. त्यांनी जसंच्या तसं टाईप केलं होतं.

त्या कागदाच्या खाली माझं रफ पान होतं. चार ओळी, वजा, आणि वजाखाली दोन लाल रेघा. गठ्ठ्यातनं तेवढं एकच पान काढून त्यांनी ते कच्च्या कागदाला नव्या टाचणीने लावलं होतं. म्हणजे त्यांना दोन्ही ठाऊक होतं. माझी चूकही, आणि मी काय केलं तेही. तक्रारी आल्या तेव्हाच त्यांनी फाईल चाळली असणार, त्यामुळे केबिनमध्ये उभे होते तेव्हाही ठाऊक होतं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये ते गाडीच्या सीटवरची धूळ पुसत होते. मी गेले. म्हटलं, “सर, कागद बघितले.”

“व्हय.”

“मग प्राचार्यांना दाखवले का नाहीत?”

“मॅडम, टाईप करताना मी सोडवून बघायला पायजे होतं. न्हाय बघितलं. तुमचं अक्षर म्हणल्यावर त्यात काय बघायचं? ती चूक माझीच की.”

दुसऱ्या कागदाबद्दल ते काही बोलतील म्हणून मी उभी राहिले. त्यांचा फोन वाजला, आईशी कानडीत दोन शब्द बोलले, रुमाल बांधला, “येतो मॅडम,” म्हणाले आणि किक मारून गेले. मला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी हेवा वाटला. हेही यांना जमतं! सूत्रासारखंच, काही विशेष न केल्यासारखं. तो इंटिग्रल बघून जे पोटात दुखलं होतं, त्याहून हे जास्त दुखलं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले. कच्चा कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, “अधिक माझ्या हातचं आहे. सरांनी नंतर फाईल उघडलीच नव्हती, मला सांभाळून घेण्यासाठी तसं म्हणाले. तपासताना माझ्याही नजरेतून निसटलं. त्यांची ऑर्डर थांबवू नका.” प्राचार्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि उठून उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, आजकाल स्वतःहून येऊन असं कोण सांगतं हो?”

सरांना ऑर्डर मिळाली. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. मॅडमचं मन किती मोठं, निवृत्तीच्या तोंडावर स्वतःची चूक कबूल केली, नव्या लोकांनी यातून शिकावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनीही वाजवल्या. इतरांसारख्याच, कमी नाही, जास्त नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, काहीतरी दिसेल म्हणून. काही दिसलं नाही.

मी निवृत्त झाले त्याला आता वर्ष होईल. जाण्याआधी एकदा खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, घात वर गेला की खाली कसं उतरायचं. “उजवा बाण दाबायचा मॅडम, एकदाच,” ते म्हणाले. एवढंच होतं. आता मी घरी बसून नोट्स टाईप करते, आणि माझी सूत्रं बऱ्यापैकी होतात. ती मुलगी इंजिनिअरिंगला लागली, पेढे घेऊन आली होती. तिला मी त्या दिवसाबद्दल काही सांगितलेलं नाही.

आणि प्राचार्यांकडे जाताना मी टाचणी काढून एकच कागद नेला होता. लाल रेघांचा दुसरा कागद माझ्या पेनांच्या डब्यात आहे, घडी घातलेला. तो तिथे आहे हे मला ठाऊक आहे, आणि सरांना.